इको चांगला आला, पण रात्र सरत नाही

प्रश्न : माझं वय २९. सहाव्या वर्षी फॅलोज टेट्रालॉजीचं, म्हणजे हृदयातल्या जन्मजात दोषाचं, ऑपरेशन झालं. मुलगी अडीच महिन्यांची आहे. तिचा इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला, माझाही चांगला. तरी रात्रभर मी तिच्या छातीला कान लावून बसते. मला जरा धडधडलं की वाटतं, ही पोरकी होणार. दिवसा उगाच रडू येतं. सासूबाई म्हणतात, "एवढ्या दुखण्यातून वाचलीस, आता रडतेस कशाला?" डॉक्टर म्हणाले, "हृदय ठीक आहे, विचार करू नका."
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, "पळू नकोस, दमशील" हे ऐकतच तुम्ही वाढलात ना? ज्या मुलीला स्वतःच्या ठोक्यांकडे लक्ष ठेवायला शिकवलं, तिला आई झाल्यावर "विचार करू नका" सांगून कसं चालेल? मानसोपचाराच्या माझ्या कामात अशा बाळंतिणी भेटतात, आणि त्यांना कृतघ्न म्हटलेलं मला सहन होत नाही. बाळंतपणानंतरचं हळवेपण साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तुमचं अडीच महिने टिकलंय. हा आजार आहे, आणि तो बरा होतो.

पण धडधड मनाचीच, असं तुम्ही ठरवू नका, मीही इथून ठरवणार नाही. या ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि साधा ईसीजी काही सेकंदांचाच असतो. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून होल्टर लावून घ्या. ते यंत्र निदान २४ तास ठोके नोंदवतं. धडधडलं की वेळ लिहून ठेवा. भोवळ आली, आडवं झाल्यावर दम लागला किंवा पाय सुजले, तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडेही जा. समुपदेशनाने पुष्कळ फरक पडतो. गोळी लागलीच, तर अंगावर पाजतानाही चालणारी औषधं आहेत, सर्ट्रालिन त्यांतलंच. ऑपरेशनची फाईल मात्र सोबत न्या, कारण मनाची काही औषधं ठोक्यांच्या लयीवर परिणाम करतात.

जीव नकोसा वाटला, तर त्या क्षणी घरच्या माणसाला उठवा आणि १४४१६ वर फोन करा. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन मोफत आहे, रात्रीही चालते.

आणि आजपासून रात्रीचे सलग चार तास बाळ यजमानांकडे द्या, दूध काढून ठेवा, दुसऱ्या खोलीत झोपा. सासूबाईंना हे उत्तर वाचायला द्या.