वाचकांचे प्रश्न : बायोस बिघडला, लॅपटॉप उठत नाही

प्रश्न : बायोस अपडेट चालू असताना पावसात लाइट गेली. बॅटरी जुनी, त्यामुळे लॅपटॉप मधेच बंद पडला. आता बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. दुकानात मदरबोर्ड बदला म्हणतात. दुसरा उपाय आहे का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : बहुतेक वेळा असतो. बायोस म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा, बोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम. आधी कॅप्स लॉक दाबून बघा. दर वेळी दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल तर बायोस चालू आहे, दोष स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. एचडीएमआयने टीव्हीला जोडलं की कळेल. दिवा ढिम्म असेल तर चार्जर काढा, आतल्या बॅटरीचा कनेक्टर सोडवा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि रॅमची एकच पट्टी ठेवून सुरू करा.

तरी उठला नाही तर पेनड्राइव्हची वाट आहे. कंपनी तुम्ही कळवलेली नाही, म्हणून दोन नेहमीच्या सांगतो. एचपी असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेमक्या मॉडेलची बायोस फाइल उतरवा, ती चालवून रिकव्हरी पेनड्राइव्ह तयार करा. लॅपटॉपला चार्जर लावा, विंडोज आणि बी ही बटणं धरून ठेवा आणि पॉवर दोन-तीन सेकंद दाबून सोडा. काही मॉडेलांत बीऐवजी व्ही लागतं. यानंतर स्क्रीन ४० सेकंदांपर्यंत काळी राहू शकते, बीप वाजतात. लोक नेमके इथे घाबरून पॉवर दाबतात आणि तेच संकट पुन्हा ओढवून घेतात. अजिबात दाबू नका. डेलमध्ये बायोसची फाइल फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवून तिला कंपनीने ठरवलेलं रिकव्हरीचं नाव द्यायचं, मग कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जरची पिन खोचायची. चार्जर मात्र इन्व्हर्टरच्या प्लगला लावा.

एवढंही जमलं नाही तर बायोसची चिप प्रोग्रामर नावाच्या छोट्या यंत्राने, तिला क्लिप लावून, नव्याने लिहावी लागते. हे काम बोर्ड बदलण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं, म्हणून चिप लेव्हल, म्हणजे बोर्डवरच्या सुट्या चिपांचं, काम करणारा कारागीर शोधा आणि त्याला पुढच्या गोष्टी विचारा. चिप आठ पायांची असते; कोपऱ्यातला ठिपका म्हणजे पहिला पाय, क्लिपची लाल तार तिथेच बसते. वर २५क्यू१२८ असं लिहिलेलं असेल तर ती १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइटची. विनबाँडच्या चिपवर त्यापुढे एफव्ही किंवा जेव्ही असेल तर ३.३ व्होल्ट; एफडब्ल्यू किंवा जेडब्ल्यू असेल तर १.८ व्होल्ट, आणि मग मधे व्होल्टेज उतरवणारा अ‍ॅडॉप्टर हवाच. सीएच३४१ए हा स्वस्त काळा प्रोग्रामर चिपला ३.३ व्होल्ट देतो, पण त्याच्या डेटाच्या तारांवर बऱ्याचदा ५ व्होल्ट येतात. चिप जळते ती यामुळे. क्लिप लावण्याआधी बॅटरी आणि बटण सेल दोन्ही काढलेले असावेत.

लिहिण्याआधी जुनी चिप दोनदा वाचून घ्यायला सांगा. दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आणि चिप १६ मेगाबाइटची असेल तर १,६७,७७,२१६ बाइटच्या हव्यात. फाइलीत सगळीकडे एफएफ (म्हणजे रिकामं) दिसलं तर बहुधा क्लिप टेकलेली नाही. ही फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या, कारण तुमचा सीरियल नंबर आणि विंडोजची की बहुतेक लॅपटॉपांत याच चिपमध्ये असते. इंटरनेटवरून दुसऱ्याच्या लॅपटॉपची फाइल जशीच्या तशी चढवली तर त्याचा नंबर तुमच्या मशीनवर बसतो. फाइलीतला इंटेलचा एमई (मॅनेजमेंट इंजिन) भाग जुळला नाही तर लॅपटॉप दर अर्ध्या तासाने आपोआप बंद पडू शकतो. म्हणून जुन्या फाइलीतला फक्त बायोसचा भाग बदलायचा, बाकी तसंच ठेवायचं.

प्रश्न : बायोस लिहून आणला. लोगो येतो, पण मग निळी स्क्रीन येऊन लॅपटॉप रिस्टार्ट होतो. विंडोज नव्याने टाका म्हणतात. द्राक्षबागेच्या फवारणीच्या सगळ्या नोंदी आत आहेत, त्या निर्यातीला लागतात.
— एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : फॉरमॅट करू देऊ नका. बायोस नव्याने लिहिला की सेटिंग मूळ जागी जातात. व्हीएमडी, रेड (RAID) आणि एएचसीआय या डिस्क चालवण्याच्या पद्धती. आधी डिस्क व्हीएमडी किंवा रेडवर होती आणि आता एएचसीआयवर गेली, किंवा उलट, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. बायोसमध्ये स्टोरेजची ही एक सेटिंग बदलून बघा. अनेकदा तेवढ्यावर काम होतं.

नाही झालं तर एसएसडी (लॅपटॉपची डिस्क) काढून एनव्हीएमई प्रकारच्या डिस्कसाठी मिळणाऱ्या यूएसबी केसमध्ये घाला आणि यूएसबीने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून नोंदी उतरवून घ्या. दुरुस्ती त्यानंतरच. विंडोज ११ साठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. अकराव्या पिढीच्या इंटेलपासून पुढे इन्स्टॉल करताना डिस्कच दिसली नाही तर एसएसडी मेली असं समजू नका. इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर सुटा करून त्याच पेनड्राइव्हवर ठेवा आणि लोड ड्रायव्हर दाबून तो दाखवा.

प्रश्न : दुरुस्तीनंतर लॅपटॉप ४८ आकडी की मागतो. आम्ही कधी घातलीच नव्हती.
— एक वाचिका, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ती बिटलॉकरची. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बायोस बदललेला दिसला की ते कुलूप की मागतं. मोबाइलवरून त्याच खात्यात जाऊन रिकव्हरी की उघडा. तिथे दोन-तीन कीज असतील, तर स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवा. घरात दोन-तीन ईमेल असतील तर लॅपटॉप नवा घेतला तेव्हा घातलेला आधी तपासा, कॉलेज किंवा ऑफिसचा असेल तर की तिथल्या आयटी विभागाकडे मिळेल. आत शिरल्यावर ती की कागदावर लिहून ठेवा, आणि पुढच्या बायोस अपडेटआधी बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं बंद) करा.