घरी बोका, वाटेत मगरी

प्रश्न : डिसेंबरात ६ दिवस चेन्नई-महाबलीपुरमला जातोय. घरी ४ वर्षांचा बोका आणि लॅब्राडोर कुत्री आहे. ओळखीची एक मुलगी आमच्या घरी राहायला तयार आहे. तयारी काय करावी?

उत्तर : कुत्रीला माणूस लागतं, बोक्याला जागा लागते. त्यामुळे घरीच कुणी राहणार हे चांगलंच झालं. मात्र तिला निघायच्या दिवशी पहिल्यांदा बोलावू नका. आधी दोनदा बोलवा आणि त्यातल्या एका वेळी कुत्रीला तिच्यासोबत एकटीच फिरायला पाठवा. तुमच्याशिवाय ती जिन्यावरच अडून बसते का, हे तेव्हाच कळेल.

खाणं वजन करून दिवसावार पुड्या बांधा. ‘थोडंसं’ आणि ‘वाटीभर’ यांचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो. ब्रँड बदलू नका, अचानक बदललं की जुलाब होतात. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट देऊ नये, हे फ्रिजवर लिहून लावा. प्रेमापोटी दिलेला कांद्याच्या भाजीचा घाससुद्धा नको. बोक्याच्या शी-शूसाठी शक्यतो मातीचे (कॅट लिटरचे) दोन ट्रे ठेवा, दोन्हींत ५ ते ७ सेंटिमीटर माती असू द्या आणि ती रोज उपसायला सांगा.

दोन गोष्टी मात्र पाठ करून घ्या. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कण्हतोय आणि लघवी थेंबभर किंवा अजिबात होत नाही, तर सकाळची वाट पाहू नये. नर मांजराची मूत्रनलिका अरुंद असते. ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. दुसरं, बोका रुसलाय म्हणून २४ तास उपाशी राहिला तर डॉक्टरांना फोन करावा. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, काही दिवस खाल्लं नाही की यकृतात चरबी साठते. डॉक्टरांना तुमचं संमतीपत्र आणि खर्चाची मर्यादा आधीच लिहून द्या, लसीकरणाचं पुस्तक त्या मुलीच्या हाताशी ठेवा.

पाळीव प्राणी हरवतात ते बहुधा दारातून. आधी कुत्रीला पट्टा, मग कडी, हाच क्रम. बोक्याला कुरिअरवाल्यापुरतं आतल्या खोलीत ठेवावं. बाल्कनीची जाळी स्वतः ओढून तपासा.

प्रश्न : वाटेत मगरींचं फार्म आहे म्हणतात. मुलांना न्यावं का?

उत्तर : जरूर न्या. चेन्नईहून सुमारे ४० किलोमीटरवर, ईस्ट कोस्ट रोडला वडनेम्मेली इथे मद्रास क्रोकोडाइल बँक आहे. हे कातड्यासाठीचं फार्म नव्हे. शिकारीमुळे मगरी झपाट्याने कमी झाल्या, तेव्हा त्यांची वीण वाढवायला सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ साली ही बँक उभी केली. सोमवारी ती बंद असते.

भारतातल्या तिन्ही जाती तिथे आहेत. रुंद थोबाडाची आपली मगर कृष्णाकाठी सांगलीला दिसते तीच. सुसर, म्हणजे घडियाल, लांब निमुळत्या जबड्याची. वयात आलेल्या नराच्या नाकाशी मडक्यासारखा उंचवटा येतो. तिसरी खाऱ्या पाण्यातली, सगळ्यांत मोठी.

सकाळी लवकर जा. थंड रक्ताचे प्राणी, ऊन घ्यायला काठावर येतात. आ वासून बसलेली मगर चिडलेली नसते. तोंड उघडं ठेवून ती डोकं तापू देत नाही. मग ती तासभर हलतही नाही. काही लोक ‘खरी आहे का’ बघायला दगड, नाणी टाकतात. तसं मुलांना करू देऊ नका, मगरी टणक वस्तू गिळतात. साप पकडण्यात तरबेज असलेल्या इरुळा आदिवासी समाजाच्या सहकारी संस्थेचं सापाचं विष काढण्याचं केंद्र त्याच आवारात आहे. हे विष प्रतिविष, म्हणजे सर्पदंशावरचं औषध, बनवायला जातं.

प्रश्न : मगरीचं पिल्लू पाळता येतं का?

उत्तर : नाही. तिन्ही जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत. घरात ठेवणं हाच गुन्हा. कुठे सापडलं तर हात न लावता वनविभागाला कळवा.