चिलीम विकणे गुन्हा आहे का?

प्रश्न : मिरजेत आमचे तंबाखू आणि पानसाहित्याचे जुने दुकान आहे. मातीच्या चिलमी, छापी (चिलमीला गुंडाळायचे फडके) आणि सिगारेटचा कागद आम्ही वडिलांच्या काळापासून विकतो. अमेरिकेत शिकणारा माझा भाचा म्हणतो की, तिथे अमली पदार्थांच्या सेवनाची साधने विकणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. आपल्याकडे तसा कायदा आहे का? केवळ चिलीम सापडली म्हणून माझ्यावर कारवाई होऊ शकते का?
— एक दुकानदार, मिरज

उत्तर : आपल्या भाच्याने दिलेली माहिती बरोबर आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार जी वस्तू प्रामुख्याने अमली पदार्थ बनवण्यासाठी किंवा सेवनासाठी असते, ती विकणे गुन्हा आहे. वस्तूचा हेतू ठरवताना तिच्यासोबतच्या सूचना, तिची जाहिरात, दुकानातील मांडणी आणि विक्रेत्याचा नेहमीचा व्यवसाय पाहिला जातो. परंपरेने तंबाखूसाठी वापरल्या जाणाऱ्या वस्तूंना त्यातून सूट आहे.

आपल्या गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ मध्ये, म्हणजेच एनडीपीएस कायद्यात, अशा साधनांची वेगळी व्याख्या नाही आणि केवळ ती विकल्याबद्दल स्वतंत्र शिक्षाही नाही. कलम ६० नुसार ज्या साहित्याच्या, उपकरणाच्या किंवा भांड्याच्या साहाय्याने या कायद्याखालील गुन्हा घडला असेल, ते सरकारजमा होण्यास पात्र ठरते. अमली पदार्थ ज्या डब्यात किंवा पुडक्यात सापडला, तेही त्यात येते. म्हणजे आधी गुन्हा दाखवावा लागतो आणि मग वस्तू त्याच्याशी जोडावी लागते. आपल्या फळीवरील कोरी, न वापरलेली चिलीम एवढ्यावरून दोषी ठरत नाही.

वापरलेल्या चिलमीची गोष्ट मात्र निराळी आहे. तिच्या नळीत चिकटलेला काळा थर न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तपासला जातो, आणि त्यात गांजा किंवा चरस निघाला तर प्रश्न चिलमीचा न राहता अमली पदार्थ बाळगण्याचा होतो. गांजा एक किलोपर्यंत असला तरी तो ‘अल्प प्रमाण’ समजून एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून गिऱ्हाइकाने परत आणलेली, बदलून मागितलेली चिलीम दुकानात ठेवूच नये, असे मी आग्रहाने सांगेन.

उपकरणांबाबत कायदा खरा कडक होतो तो कलम ५४ मध्ये. अमली पदार्थ तयार करण्यासाठी खास बनवलेले उपकरण किंवा त्यासाठी जुळवलेला भांड्यांचा संच ज्याच्याकडे सापडेल आणि ज्याला त्याचा समाधानकारक खुलासा करता येणार नाही, त्याने गुन्हा केला असे न्यायालय गृहीत धरू शकते. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे येथे उघडकीस आलेल्या एमडीच्या (मेफेड्रॉन या अमली पदार्थाच्या) कारखान्यासारख्या प्रकरणांत या तरतुदीचे महत्त्व कळते. पानपट्टीवरील चिलीम सेवनाचे साधन आहे, निर्मितीचे नव्हे. त्यामुळे हे गृहीतक तिला लागत नाही.

तरीही विक्रेत्याचे वागणे महत्त्वाचे आहेच. गिऱ्हाइकाला गांजा कुठे मिळेल हे सांगणे, किंवा पुडी आणि चिलीम एकत्र देण्याची सोय करणे, यावर कलम २९ खाली अपप्रेरणेचा (गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत दिल्याचा) किंवा कटाचा आरोप येऊ शकतो, आणि त्याची शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच असते.

झडतीची वेळ आलीच तर एक भेद ध्यानात ठेवावा. राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा कलम ५० मधील हक्क अंगझडतीपुरता आहे. दुकानातील मालाच्या झडतीला तो लागू होत नाही. मालाच्या झडतीत पंचांसमोर जप्त वस्तूंची यादी होते, तिची प्रत मागून घ्यावी आणि चिलीम कोरी असल्यास तशी नोंद करण्याचा आग्रह तिथेच धरावा.