गेलो होतो म्हणजे हॅड गॉन नव्हे

मागच्या अंकात लिहिलं होतं की इंग्रजीचं काय अडतं ते कळवा, तर निम्म्याहून जास्त पत्रं काळांचीच आली. सगळी छापता येत नाहीत, पण ज्यांचं दुखणं सगळ्यांचंच आहे अशी थोडी घेतली आहेत.

बाई, नमस्कार. गुहागरजवळ आमचा छोटा होमस्टे आहे, दोन खोल्या आणि मागे माडांची बाग. हल्ली अधूनमधून परदेशातले पाहुणेपण येतात आणि त्यांच्याशी मेलवर बोलावं लागतं. एका बाईंना मी लिहिलं, ‘आय हॅड सेंट यू द लोकेशन यस्टर्डे’, तर त्यांचं उलट उत्तर, ‘डिड समथिंग चेंज?’ आता लोकेशन कुठे बदलणार, घर आहे ते! पुण्याचा भाचा म्हणतो मावशी तू हॅड फार वापरतेस. मग ‘पाठवलं होतं’ला लावू तरी काय? — होमस्टेवाली मावशी, गुहागर

मावशी, भाचा बरोबर आहे, पण चूक तुमची एकटीची नाही. शाळेत आम्हीच ती शिकवली. गेला म्हणजे वेंट, गेला आहे म्हणजे हॅज गॉन, गेला होता म्हणजे हॅड गॉन, असं फळ्यावर लिहून द्यायचो, मुलं घोकायची, मार्कही पडायचे, आणि आपल्या भाषेत ‘होता’ नेमकं काय काम करतो हे कुणी विचारायचंच नाही.

जरा घरात बोलून बघा. ‘काल चिपळूणला गेले होते’ म्हटलं की ऐकणारा समजतो, गेली, काम झालं, परत आली, विषय संपला. पण नुसतं ‘काल चिपळूणला गेले’ म्हणून गप्प बसलात तर समोरचा म्हणेल, ‘बरं, मग?’ म्हणजे मराठीत ‘होते’ गोष्टीला कडी लावतं. इंग्रजीत बरोबर उलटं आहे. तिथे कडी साधा भूतकाळच लावतो, ‘आय वेंट टू चिपळूण यस्टर्डे’, झालं. आणि हॅड ऐकला की माणूस कान टवकारून बसतो की हे आधी झालं, मग नंतर काय झालं? तुमच्या पाहुण्या बाईंनी तेच विचारलं. त्यांना वाटलं काल लोकेशन पाठवलं होतं आणि आता काहीतरी बदललंय. ‘आय सेंट यू द लोकेशन यस्टर्डे’ एवढंच लिहायचं. मीसुद्धा वर पहिल्याच ओळीत ‘लिहिलं होतं’ म्हटलंय, तिथेही इंग्रजीत ‘आय रोट’ इतकंच झालं असतं.

अजून एक गैरसमज, जुनं झालं की हॅड लावायचा. अजिबात नाही. आपल्या रत्नागिरीतला थिबॉ राजा घ्या. इंग्रजांनी १८८५ साली त्याचं ब्रह्मदेशाचं राज्य घेतलं, पुढे त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० साली त्याचा राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. शंभरावर वर्षं झाली तरी इंग्रजीत ही सगळी वाक्यं साध्या भूतकाळात, ‘द ब्रिटिश टुक हिज किंगडम इन १८८५’, ‘ही डाइड इन १९१६’. एकदाही हॅड नाही. हॅड कधी येणार, तर भूतकाळातल्या एका ठिकाणी उभं राहून त्याच्याही मागे बघायचं असेल तेव्हा. ‘व्हेन ही डाइड, ही हॅड लिव्ड इन रत्नागिरी फॉर अबाउट थर्टी इयर्स’. वारला ही एक खूण, आणि त्याच्या आधीची तीसएक वर्षं.

तुमच्याच भागातलं उदाहरण देते, ते पाहुण्यांनाही लागेल. ‘व्हेन वी रीच्ड दाभोळ, द फेरी हॅड लेफ्ट’, म्हणजे पोचलो तेव्हा फेरीबोट सुटलेली, धक्का रिकामा, आता पुढच्या फेरीपर्यंत बसा. ‘व्हेन वी रीच्ड दाभोळ, द फेरी लेफ्ट’, म्हणजे आपण पोचलो आणि मग ती सुटली, डोळ्यांदेखत. इथे हॅडने खरंच फरक पडतो, इथे तो ठेवा. बाकी मेल पाठवायच्या आधी एकदा वाचा आणि प्रत्येक हॅडपाशी स्वतःला विचारा, ‘कशाच्या आधी?’ उत्तर सापडलं नाही तर खोडा. दहातले आठ खोडले जातील बघा.

मॅडम, मी कुडाळजवळ काजू फॅक्टरीत कामाला आहे, पाच वर्षं झाली. दुसरीकडे अर्ज करायचा म्हणून बायोडाटा केला, त्यात ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहिलं. मित्र म्हणतो चूक आहे पण काय चूक ते त्यालाही सांगता येत नाही. — काजूवाला, कुडाळ

दोन चुका आहेत आणि दोन्हीकडे मराठीच बोलतेय. आपण म्हणतो ‘पाच वर्षांपासून काम करतोय’. करतोय, म्हणजे वर्तमानकाळ. इंग्रजीला मात्र मागून सुरू होऊन आजपर्यंत आलेली गोष्ट सांगायला हॅव लागतो, नुसत्या ॲमने तिचं भागत नाही, म्हणून ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर’. आणि ‘पासून’ हा शब्द आपल्याकडे दोन्ही कामं करतो, जूनपासून आणि पाच वर्षांपासून. इंग्रजीत कामं वाटून दिलेली आहेत. जिथून सुरू झालं ती तारीख किंवा महिना सांगायचा तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. ‘सिन्स जून’, ‘फॉर फाइव्ह इयर्स’. तुझं वाक्य मग असं होईल, ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’.

ह्यात मी स्वतः तोंडघशी पडलेली आहे. तरुणपणी मुंबईत एका ऑफिसात टायपिस्टच्या जागेसाठी मुलाखतीला गेले, साहेबांनी विचारलं ‘हाऊ लाँग हॅव यू लिव्ड इन बॉम्बे?’ मी ऐटीत म्हटलं, ‘आय लिव्ड इन बॉम्बे फॉर टू इयर्स’. साहेब शांतपणे म्हणाले, ‘अँड व्हेअर डू यू लिव्ह नाऊ?’ मला वाटलं ह्यांना पत्ता पाहिजे, मी गिरगावातली चाळ, मजला, खोली नंबर सगळं सांगितलं! बाहेर आल्यावर कित्येक महिन्यांनी ट्यूब पेटली की ‘लिव्ड’ म्हणजे राहिले आणि सोडलं. नोकरी मिळाली नाही, काळामुळेच असं म्हणत नाही, टायपिंगही बेताचंच होतं.

आता हा हॅव मिळाला म्हणून तो कुठेही घालू नकोस, कारण साल किंवा ‘काल’ आला की हॅव पळून जातो. कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ साली जीआय, म्हणजे हा माल ह्याच भागातला असं सांगणारा सरकारी शिक्का, मिळालं. ‘हापूस हॅज गॉट द जीआय टॅग इन २०१८’ हे चूक. साल दिलंस ना, मग ‘गॉट’. तेच उलट बाजूने सांगायचं तर ‘हापूस हॅज हॅड द जीआय टॅग सिन्स २०१८’. हॅज हॅड बघून घाबरू नकोस, पहिला मदतनीस आणि दुसरा ‘असणे’, दिसायला विचित्र आहे पण बरोबर आहे. बायोडाट्यातही तसंच, सोडलेल्या नोकरीला साधा भूतकाळ, ‘आय वर्क्ड ॲट…’, आणि चालू असलेल्या नोकरीला हॅव बीन. वाचणाऱ्याला तेवढ्यावरून कळतं कुठली सुटली आणि कुठली आहे.

तू विचारलं नाहीस पण सांगून टाकते. आपण घरात आलेल्याला ‘जेवलास काय?’ विचारतो, तिथे इंग्लंडातला माणूस ‘हॅव यू ईटन?’ म्हणेल आणि अमेरिकेतला बऱ्याचदा ‘डिड यू ईट?’ म्हणेल. दोन्ही चालतं, त्यावरून मित्राशी पैज लावू नकोस.

बाई, मी मालवणात स्कुबाला गाईड आहे. पावसात धंदा बंद, तेव्हा इंग्रजी सुधारूया म्हटलं. मी पाहुण्यांना सांगतो ‘इफ द सी विल बी रफ, वी विल नॉट गो’. एक गोरा हसला. समुद्र उद्या खवळणार तर विल नको? — गाईड, मालवण

हसला ते बरं नाही केलं त्याने, तुमचं म्हणणं त्याला पूर्ण कळलं होतं. पण विल नको. तुम्ही मराठीत काय म्हणता? ‘समुद्र खवळला तर जाणार नाही’. खवळला! चक्क भूतकाळ, आणि उद्याची गोष्ट. कुणी विचारतं का तुम्हाला कधी खवळला म्हणून? इंग्रजी तिथे वर्तमानकाळ ठेवते, ‘इफ द सी इज रफ, वी वोन्ट गो’. इफच्या अर्ध्यात विल घालायचा नाही, दुसऱ्या अर्ध्यात घालायचा. व्हेन, बिफोर, अन्टिल यांनाही हेच, ‘व्हेन वी रीच द रॉक, आय विल गिव्ह अ सिग्नल’.

फक्त व्हेनमध्ये एक गोम आहे. मराठीत जिथे ‘जेव्हा’ किंवा ‘की’ बसतं तिथे विल नाही, पण जिथे ‘कधी’ बसतं तिथे विल चालतो. ‘बोट कधी येईल माहीत नाही’, ‘आय डोन्ट नो व्हेन द बोट विल कम’. हे बरोबर आहे, उगाच घाबरून खोडू नका.

आणि जेटीवर पाहुणे ताटकळत असले की फोनवर ‘आलोच, आलोच’चं ‘आय केम, आय केम’ करू नका. मी ऐकलंय हे, म्हणून लिहितेय. माणूस इकडेतिकडे बघायला लागतो की आला तर दिसत का नाही! ‘आय ॲम कमिंग’ म्हणा. पण निघताना आपण ‘मी येतंय हां’ म्हणतो तिथे ‘आय ॲम कमिंग’ नको, नाहीतर तो बिचारा तुमची वाट बघत किनाऱ्यावर बसेल.

मुलगा सातवीत आहे, बाराच्या बारा काळांचा तक्ता तोंडपाठ म्हणतो पण लिहायला दिलं की ‘आय डिड नॉट वेंट टू स्कूल’. मारून झालं, समजावून झालं. काय करू? — एक पालक, देवगड

पहिलं म्हणजे मारू नका. वेंट शिकायला एवढी मेहनत घेतली आणि आता तो वापरू नको म्हणतात, त्याच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? त्याला असं सांगा की भूतकाळाचं ओझं वाक्यात एकानेच उचलायचं. ‘आय वेंट’मध्ये वेंटने उचललंय. नकार किंवा प्रश्न आला की डिड हमाल येतो, ओझं तो उचलतो, मग गो रिकाम्या हाताने चालतो, ‘आय डिड नॉट गो’. हमाल केला आणि डोक्यावर टोपलीपण ठेवली तर गाडीतले लोक हसतील की नाही? देवगडच्या मुलाला हे लगेच कळेल, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या चढवताना रोजच बघतो तो.

तक्त्याबद्दल माझं मत कडक आहे. व्याकरणवाले तर म्हणतात इंग्रजी क्रियापदाला काळाची रूपं खरी दोनच, गो आणि वेंट, बाकी सगळं हॅव, बी, विल यांना जोडून केलेलं, आणि भविष्यकाळाचं वेगळं रूपच नाही. शाळेला बारा लागतात तर परीक्षेपुरते असू देत, पण घरी रोज रात्री त्याला आज काय काय केलं ते पाच वाक्यांत सांगायला लावा, त्यातली दोन नकारार्थी पाहिजेत. ‘आय डिड नॉट ईट भाजी’पासून सुरुवात करा, खरं वाक्य असलं की बरोबर येतं.

बाई, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ यात चूक काय? — कॉलेजवाली, रत्नागिरी

भाऊ आहेत, ते काही आत्ता चालू आणि थोड्या वेळाने बंद असं नाही. ‘आय हॅव टू ब्रदर्स’. नो, लाइक, वाँट, अंडरस्टँड हे पण त्याच पंगतीतले, ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ वर्गात उभं राहून म्हणू नकोस, ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ म्हण. जेवण चालू असेल तर मात्र ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर, कारण तिथे हॅव म्हणजे असणं नाही, खाणं. आणि ताप आला तर ‘आय हॅव अ फीवर’.