अमेरिकेत सरकारी वकील निवडून देतात, मग तो नेमकं काय करतो?

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, अमेरिकेत सरकारी वकील मतदानाने निवडतात असं वाचलंत. हे खरं का, राज्याच्या न्यायव्यवस्थेत त्याचं काम काय, मतं मागणारा माणूस निःपक्षपाती कसा राहणार आणि आपल्याकडे ही पद्धत आणावी का?

खरं आहे. मी साताऱ्याला जिल्हा न्यायालयात सहा वर्षं फौजदारी वकिली केली. 2009 पासून नॉर्थ कॅरोलायना राज्यात, रॅली शहराशेजारच्या कॅरी गावात राहते आणि इथल्या एका बचाव पक्षाच्या वकिलाकडे पॅरालीगल (वकिलाची कायदेविषयक मदतनीस) म्हणून काम करते. म्हणून उत्तर मुख्यतः याच राज्याचं देते, कारण प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. न्यू जर्सीत आपली इतकी मराठी माणसं आहेत, पण तिथे काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, सरकारी वकील गव्हर्नर नेमतो. अलास्का आणि कनेटिकटमध्येही निवडणूक नाही. बाकी जवळपास सगळीकडे आहे. नावंही बदलतात: इथे डिस्ट्रिक्ट अटर्नी म्हणजे डीए, इलिनॉयमध्ये स्टेट्स अटर्नी, व्हर्जिनियात कॉमनवेल्थ्स अटर्नी. आणि ही पद्धत देशाच्या जन्मापासूनची नाही. 1832 मध्ये मिसिसिपीने आपल्या राज्यघटनेत ती घातली, मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं.

इथे डीए चार वर्षांसाठी निवडून येतो, तोही पक्षाच्या तिकिटावर. त्याच्या हाताखालचे सहायक तो स्वतः नेमतो आणि त्यांची नोकरी त्याच्या मर्जीवर असते. जिल्ह्यातले सगळे फौजदारी खटले राज्याच्या वतीने चालवायची जबाबदारी त्याची. पोलीस त्याच्या हाताखाली नसतात, शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, तर स्वतंत्र निवडून येतो. शिक्षेवर अपील झालं की प्रकरण अटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाकडे जातं, आणि तोसुद्धा निवडून आलेलाच.

हे झालं कागदावरचं. फरक कुठे आहे ते सांगते. साताऱ्यात पोलीस दोषारोपपत्र दाखल करायचे आणि ती बांधलेली फाईल पीपीसाहेबांच्या (पब्लिक प्रॉसिक्युटर, म्हणजे सरकारी वकील) टेबलावर यायची. आरोप काय ठेवायचे हे आधीच ठरलेलं असायचं. खटला मागे घ्यायचा तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 321 खाली (आता नागरिक सुरक्षा संहितेचं 360) न्यायालयाची परवानगी लागायची. इथे डीएचा सहायक एक पानाचा छापील फॉर्म भरतो, सही करतो, आणि खटला संपतो. न्यायाधीशाची संमती लागत नाही. पहिल्यांदा तो फॉर्म हातात आला तेव्हा मी तो उलटून मागची बाजू पाहिली, न्यायाधीशाच्या सहीची जागा शोधायला. ती नव्हतीच.

दुसरा प्रसंग आमच्या शेजाऱ्यांचा. सांगलीकडचे, स्वभावाने भिडस्त. हायवेवर ताशी 65 मैलांच्या मर्यादेत 81 मैलांनी गाडी चालवताना पकडले गेले. मर्यादेपेक्षा 15 मैलांहून जास्त वेग, म्हणजे गुन्हा शाबित झाला तर इथल्या कायद्याने 30 दिवस परवाना जाणार. मी त्यांच्याबरोबर रॅलीच्या कोर्टात गेले. ते न्यायाधीशांपुढे काय बोलायचं याची घोकंपट्टी करत होते. पण रांग न्यायाधीशांपुढे नव्हतीच, ती होती बाजूच्या टेबलापुढे. तिथे डीएची एक तरुण सहायक बसली होती. तिने त्यांचं आधीचं रेकॉर्ड पाहिलं, ते कोरं होतं. तिने 81 खोडून 74 लिहिलं, म्हणजे मर्यादेपेक्षा 9 मैल जास्त. शेजाऱ्यांनी तेवढा गुन्हा कबूल केला, न्यायाधीशांनी मान डोलावली, दंड भरला, परवाना राहिला. सगळं मिळून दोन मिनिटं. शेजारी बाहेर आल्यावर म्हणाले, "वहिनी, निकाल नेमका दिला कुणी?" तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांच्या त्या प्रश्नात आहे.

कारण वेगाच्या चलनात जे घडतं तेच दरोड्यात आणि खुनातही घडतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये एका निकालात नोंदवलंय की राज्यांच्या न्यायालयांत होणाऱ्या दर शंभर शिक्षांपैकी 94 गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. साक्षीपुरावा, उलटतपास, ज्यूरी हे सगळं उरलेल्या सहांच्या वाट्याला. कोणता आरोप ठेवायचा, कोणता सोडायचा, कबुलीच्या बदल्यात काय द्यायचं हे डीए ठरवतो, आणि न्यायाधीश बहुतेक वेळा त्यावर शिक्कामोर्तब करतो. नॉर्थ कॅरोलायनात तर वरच्या फौजदारी न्यायालयाचं कामकाज कोणत्या क्रमाने चालेल ते वेळापत्रकही डीएच लावत आला आहे. सातारच्या वकिलांच्या बाररूममध्ये पीपीने तारखा लावल्या असत्या तर काय गहजब झाला असता, कल्पना करा. फाशी मागायची की नाही हेही 2001 पासून त्याच्याच विवेकावर आहे. त्याआधी कायद्यात सांगितलेली गंभीर परिस्थिती पुराव्यात दिसली की मागावीच लागायची.

म्हणजे लोक वकील निवडत नाहीत. कुणावर खटला भरायचा आणि कुणाला सोडायचं हे ठरवणारा माणूस निवडतात.

आता मतांचा मोह. आमच्या शेजारच्या डरहॅम काउंटीतलं प्रकरण इथला प्रत्येक वकील जाणतो. माइक निफाँग हे डीएच्या कार्यालयात कित्येक वर्षं मुरलेले वकील. 2005 मध्ये गव्हर्नरने त्यांना रिकाम्या जागेवर डीए नेमलं, पण पद टिकवायचं तर मे 2006 ची पक्षांतर्गत निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान) जिंकायला हवी होती. मार्चमध्ये ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस (जाळीच्या काठीने खेळायचा चेंडूचा खेळ) संघाच्या पार्टीत नाचायला बोलावलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणीने बलात्काराची तक्रार केली. श्रीमंत विद्यापीठातले गोरे खेळाडू, कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेलं शहर आणि तोंडावर आलेलं मतदान. निफाँग यांनी मुलाखतींचा सपाटा लावला आणि तपास चालू असतानाच हे घडलंच असं सांगत सुटले. मतदानाच्या पंधरा दिवस आधी दोन विद्यार्थ्यांवर आरोप ठेवले गेले, नंतर तिसऱ्यावर. 2 मे रोजी ते निवडणूक जिंकले.

डीएनए मात्र जुळत नव्हता. उलट खासगी प्रयोगशाळेला दुसऱ्याच अनेक पुरुषांचे डीएनए सापडले होते, आणि ती गोष्ट अहवालात आलीच नव्हती. बचावाच्या एका वकिलाने प्रयोगशाळेच्या कच्च्या नोंदींची जवळपास 2000 पानं स्वतः बसून वाचली आणि ती शोधून काढली. डिसेंबर 2006 मध्ये प्रयोगशाळेच्या प्रमुखाने भर कोर्टात कबूल केलं की हे अहवालात घालायचं नाही असं डीएशी ठरलं होतं. एप्रिल 2007 मध्ये अटर्नी जनरल रॉय कूपर यांनी तिघांना नुसतं सोडलं नाही, निर्दोष जाहीर केलं. जूनमध्ये निफाँग यांची वकिलीची सनद रद्द झाली, पुढे कोर्टाच्या अवमानासाठी एक दिवस तुरुंगही झाला. आणि डरहॅमने 2008 मध्ये निवडून दिलेल्या पुढच्या डीएलाही 2012 मध्ये, एका न्यायाधीशावर केलेल्या निराधार आरोपांमुळे, पदावरून काढावं लागलं. लागोपाठ दोनदा मतदारांची निवड चुकली आणि दोन्ही वेळा ती दुसऱ्या कुणी दुरुस्त केली.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. ती 2000 पानं बचावाच्या हाती आली कशी? 2004 च्या कायद्यामुळे. त्याच वर्षी अ‍ॅलन गेल नावाचा माणूस फेरखटल्यात सुटला होता. आधी त्याला फाशीची शिक्षा झाली होती आणि त्याच्या बाजूचे जबाब सरकार पक्षाने दडवून ठेवले होते. त्यानंतर विधिमंडळाने कायदा केला: वरच्या न्यायालयातल्या खटल्यात तपासाची सगळी फाईल आरोपीला उघडी करायची, डीएला गैरसोयीची पानंसुद्धा. आमच्या कार्यालयात रोज माझ्या हाताखालून जातात त्या याच फायली, आणि खटला फिरवणारा कागद मी त्यांत एकापेक्षा जास्त वेळा पाहिलाय. हा कायदा दोन वर्षं उशिरा आला असता तर ते तिघे विद्यार्थी कदाचित आज तुरुंगात असते, आणि निफाँग लोकप्रिय डीए.

निवडणुकीने काहीच भलं होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. टेक्सासमध्ये डॅलसला हेन्री वेड 1951 पासून 36 वर्षं डीए होते, कडक म्हणून गाजलेले. 2006 मध्ये त्याच गावाने क्रेग वॉटकिन्स यांना निवडलं, ते टेक्सासचे निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय डीए. त्यांनी 2007 मध्ये आपल्याच कार्यालयाने मिळवलेल्या शिक्षा पुन्हा तपासायला स्वतंत्र विभाग काढला. जुन्या नमुन्यांचे डीएनए तपासले आणि निरपराध माणसं खरोखर बाहेर आली. नेमलेल्या माणसाने वरिष्ठांच्या चुका अशा उकरल्या असत्या का, मला शंका आहे.

पण मतदार बघतात किती? मी नागरिक झाल्यावर मे 2022 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत डीएसाठी मत दिलं. त्या वर्षी आमच्याकडे लढत तरी होती, कित्येक जिल्ह्यांत एकच नाव छापलेलं असतं. केंद्रावर मी आणि दोन म्हाताऱ्या बायका, एवढेच होतो. गणपती मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी आठवडाभर आधी लिहिलं होतं, त्याला उत्तर आलं: "डीए म्हणजे कोण?"

म्हणून आपल्याकडे निवडणूक आणावी का, याला माझं उत्तर नाही. पीपीची नेमणूक सरकार बदललं की बदलते हे दुखणं खरं आहे, मी ते जवळून पाहिलंय. पण त्यावर प्रचारसभा हा उपाय नव्हे. मला हवी आहे ती उघडी फाईल. आपल्याकडे आरोपीला दोषारोपपत्राच्या नकला मिळतात, पण पोलिसांनी गोळा करून बाजूला ठेवलेले कागद त्यात नसतात. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलंय की सरकार पक्ष ज्यावर विसंबत नाही अशा जबाबांची आणि कागदपत्रांची यादीही आरोपीला द्यावी. तुम्ही इंटर्नशिपला एखाद्या फौजदारी वकिलाकडे जाल तेव्हा त्यांना विचारा, शेवटची ती यादी त्यांनी कधी मागितली. मागितली नसेल तर अर्जाचा मसुदा तुम्हीच करून द्या. एक पान पुरतं.