रग्बी लीगचे (म्हणजे 13 जणांच्या टीमच्या रग्बीचे) प्लेअर इतके दणकट असतात, पैसाही मिळतो, मग त्यांना डिप्रेशन कसं काय येतं?

दणकट शरीराचा आणि मनाचा काय संबंध हो? ग्रेग इंग्लिसचं बघा ना, ऑस्ट्रेलियाचा एवढा मोठा प्लेअर, 2017 च्या सीझनच्या सुरुवातीलाच गुडघा गेला आणि वर्षभर घरी बसायची वेळ आली, त्यातच डिप्रेशनसाठी ॲडमिट व्हावं लागलं, 2019 ला रिटायर झाल्यावर बायपोलर टू (कधी मन खूप उसळतं, कधी एकदम खचतं असा मनाचा आजार) असल्याचं निदान झालं. आता तो गोआना अकॅडमी काढून लोकांना याच विषयावर बोलतं करतो.

इंजुरी हा या खेळातला सगळ्यात मोठा घाव, कारण लहानपणापासून दुसरं काही केलेलंच नसतं, टीम मैदानात आणि आपण एकटे जिममध्ये. वर काँट्रॅक्ट दोन-तीन वर्षांचं, पुढचं मिळेल का याची धाकधूक. आणि पैशाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये लीगवाल्यांना फुटबॉलवाल्यांच्या मानाने चिल्लरच मिळते.

तिकडेच इंग्लंडचा प्लेअर टेरी न्यूटन बंदी असलेल्या ग्रोथ हार्मोनच्या टेस्टमध्ये सापडला, दोन वर्षांची बंदी आली आणि त्याच वर्षी, 2010 ला, 31 व्या वर्षी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यानंतर 2011 ला प्लेअरांच्या मानसिक आरोग्यासाठी स्टेट ऑफ माइंड नावाची संस्था सुरू झाली, त्यात माजी प्लेअरच क्लबात जाऊन स्वतःचं सगळं सांगतात. डॉक्टरच्या लेक्चरपेक्षा हे जास्त पोचत असणार असं मला तरी वाटतं, कारण समोरचा पण तसलाच आडदांड गडी असतो ना.