संस्थांतर्गत बदलीनंतर अडकलेला पगार : आधी खुर्ची तपासा, मग टेबल

मॅडम, तुम्ही विचारलेलं हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. संस्था एकच, दोन्ही शाळा शंभर टक्के अनुदानित, जूनमध्ये सुरगाण्याहून निफाड तालुक्यात बदली, आणि सप्टेंबर सरत आला तरी पगाराचा पत्ता नाही. जुनी शाळा म्हणते ‘आम्ही सोडलं’, नवी म्हणते ‘मान्यतेचा प्रस्ताव वर शिक्षण खात्याकडे गेलाय’, आणि वर विचारलं की ‘आमच्याकडे काही आलेलंच नाही’. शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली) आणि संचमान्यता (विद्यार्थिसंख्येनुसार शाळेला मंजूर झालेल्या पदांचा तक्ता) हे तुम्हाला सांगायला नको.

१९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतल्या नियम ४१ नुसार संस्था आपल्याच दुसऱ्या शाळेत बदली करू शकते, त्यात गैर काही नाही. गडबड अशी की संस्थेचं कार्यालय माणूस हलवतं आणि पगार निघतो पदावर. नव्या शाळेत जागा रिकामी आहे एवढं पुरत नाही. ती ताज्या संचमान्यतेत मंजूर हवी, तुमच्या गटाची हवी (सहावी ते आठवी की नववी-दहावी), तुमच्या विषयाची हवी आणि बिंदुनामावलीत (आरक्षणानुसार पदांच्या यादीत) बसायला हवी. विज्ञानाच्या शिक्षिकेला भाषेच्या रिकाम्या जागेवर पाठवलं की मुख्याध्यापकांचं वेळापत्रक कसंबसं जमतं, मान्यता मात्र अडते. म्हणून आज पहिलं काम हे करा: नव्या शाळेची संचमान्यता मागून घ्या आणि तुमच्या आधी त्या पदावर कोण होतं, ते कशामुळे रिकामं झालं, हे एका ओळीत लिहून प्रस्तावाला जोडायला लावा. ही ओळ नसली की फाइल हमखास परत येते.

आता खरा मुद्दा. शाळेपासून शिक्षण खात्यापर्यंतच्या या साखळीत एक कार्यालय असतं, नाव घेत नाही, ज्यांना भोगलंय त्यांना कळेल. तिथे फाइल नाकारत नाहीत आणि स्वीकारतही नाहीत. शिपायाच्या हाती तोंडी निरोप येतो, ‘त्रुटी आहे, दुरुस्त करून आणा’. कोणती ते कागदावर नाही. एक दुरुस्त केली की दुसरी निघते. मुळात आवक नोंदच नसल्यामुळे तीन महिन्यांनी कुणीही छातीठोकपणे सांगतो की प्रस्ताव आलाच नाही. तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतंय. हातोहात दिलेली फाइल म्हणजे न दिलेली फाइल. मुख्याध्यापकांच्या जावक क्रमांकाचं पत्र, त्यावर जोडपत्रांची क्रमवार यादी, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का, एवढं झाल्याशिवाय आपल्या शाळेच्या लिपिकाला तिथून हलू देऊ नका. परत करायची असेल तर त्रुटीपत्र लेखी मागा.

लेखी देत नसतील तर दोन हत्यारं आहेत. एक, दफ्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा : सर्वसाधारणपणे कोणत्याही टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. स्मरणपत्रात त्याचा उल्लेख करा, पण सभ्य भाषेत. दुसरं, माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘पगार का नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. ‘आवक क्रमांक अमुक, या नस्तीवरील सर्व टिपण्यांच्या प्रती व आज नस्ती कोणाकडे आहे’ असं मागा. तीस दिवसांची मुदत असते, पण बरेचदा अर्ज पोचल्यावर फाइलच आधी हलते. माझं मत विचाराल तर संघटनेच्या पदाधिकाऱ्याला फोन करण्याआधी हे करावं. बऱ्याच जणांना पटणार नाही.

तारखाही तपासा. उन्हाळी सुट्टी लागताना कार्यमुक्त आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर हजर, असं असेल तर मधला महिना-दीड महिना कोणत्याच शाळेच्या देयकात बसत नाही. आदल्या दिवशी मध्यान्होत्तर कार्यमुक्त, दुसऱ्या दिवशी मध्यान्हपूर्व हजर, अशीच नोंद सेवापुस्तकात हवी. तफावत असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. निवृत्तिवेतनाच्या वेळी हाच खड्डा पुन्हा समोर येतो.

जुन्या शाळेने शालार्थमध्ये तुमचं नाव सोडलं का आणि नव्या शाळेत रिकामं पद दिसतंय का, हे दोन्ही मुख्याध्यापकांना एकाच वेळी फोनवर घेऊन पाहा. अंतिम वेतन प्रमाणपत्रावर (जुनी शाळा देते ते) १ जुलैची वेतनवाढ कोण देणार ते स्पष्ट लिहून घ्या. सुरगाण्यात आदिवासी भाग म्हणून एकस्तर (वरच्या पदाची वेतनश्रेणी) किंवा प्रोत्साहन भत्ता मिळत असेल तर तो बंद झाल्याची तारीखही त्यावर हवी, नाहीतर पुढे वसुली ठरलेलीच. ज्यांची बदली नाशिक शहरात होते त्यांनी घरभाडे भत्त्याचा वर्गही पाहावा. शहर वाय वर्गात आहे आणि गावं झेडमध्ये.

जिल्ह्याबाहेर जाणाऱ्यांसाठी एक सूचना. मविप्रसारख्या (नाशिकची मराठा विद्या प्रसारक) संस्थेच्या बहुतेक बदल्या जिल्ह्यातच होतात, पण रयत शिक्षण संस्थेसारखं जाळं अनेक जिल्ह्यांत पसरलेलं. सिन्नरहून संगमनेर हाकेच्या अंतरावर, महसुली विभागही एकच. शिक्षण खात्यात मात्र अहिल्यानगर पुणे उपसंचालकांकडे आणि नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार नाशिककडे. म्हणजे विभागच बदलतो, भविष्यनिर्वाह निधीचं खातं वर्ग करावं लागतं, आणि १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत लागलेल्यांना प्राण क्रमांक (नव्या पेन्शन योजनेतला खाते क्रमांक) नव्या आहरण अधिकाऱ्याकडे (पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे) न्यावा लागतो. २०२५ मध्ये नागपूरचा बनावट शालार्थ आयडींचा घोटाळा उघड झाल्यापासून नियुक्ती आदेश, वैयक्तिक मान्यता, रुजू अहवाल यांच्या मूळ प्रती कुणीही कधीही मागतं. स्कॅन करून ठेवा, मूळ प्रत कुणाच्या हाती देऊ नका.

मी वकील नाही, परिपत्रकंही बदलत राहतात. वरचं सगळं तुमच्या शाळेतल्या जुन्या लिपिकाकडून एकदा पडताळून घ्या, त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. थकीत पगाराचं पुरवणी देयक वेगळं जातं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून आधी चालू महिन्याचा पगार सुरू करून घ्या, थकबाकीसाठी तो अडवून धरू नका. आणि शिक्षक पतसंस्थेचं कर्ज असेल तर तिथे आजच लेखी कळवा, नाहीतर हप्ते थकले की कपात जामीनदाराच्या पगारातून सुरू होते.